हरू शकेल असे एक वाक्य

कुटुंब समुपदेशन केंद्रात सात वर्षे काम केल्यानंतर मी समाजकार्य विषयात पीएच.डी.साठी नोंदणी केली, तेव्हा माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या पानावर एक वाक्य ठळक अक्षरांत होते : ‘विवाहित पुरुषांवर पत्नीकडून होणारे अत्याचार वाढत असून समाज व शासन त्यांकडे दुर्लक्ष करीत आहेत.’ या वाक्याचा मला थोडा अभिमानही होता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, ‘‘निवेदन म्हणून हे चांगले आहे, कलेक्टर कचेरीत देता येईल. पण यात परिकल्पना कुठे आहे?’’ त्या प्रश्नापासून विद्यापीठाच्या समितीने मान्य केलेल्या तीन वाक्यांपर्यंत पोहोचायला मला चौदा महिने लागले. त्या काळात मी संशोधनासाठी एकाही पुरुषाची मुलाखत घेतली नाही. तेच वाक्य लिहीत आणि खोडत राहिले.

संशोधनपद्धतीच्या मराठी पुस्तकांत ‘परिकल्पना’ आणि ‘गृहीतक’ हे शब्द कधी वेगळ्या, तर कधी एकाच अर्थाने वापरलेले आढळतात आणि विद्यार्थ्यांचा त्यामुळे नेहमी गोंधळ उडतो. मॅडमनी मला एक साधी खूण सांगितली : जे आपण न तपासता धरून चालतो ते गृहीतक आणि जे तपासणीला ठेवतो, म्हणजे जे खोटे ठरण्याची तयारी ठेवून मांडतो, ती परिकल्पना. या खुणेने पाहिले तर माझ्या आराखड्यात परिकल्पना या मथळ्याखाली मी चार गृहीतके लिहिली होती.

ती कोठून आली हे सांगायला हवे. आमच्या केंद्रात येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच असत आणि त्यांच्या जखमांविषयी माझ्या मनात कधीही शंका नव्हती. परंतु अधूनमधून एखादा पुरुष येई. त्यांतला एक, ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आलेला, माझ्या चांगला लक्षात आहे. नोंदणीच्या टेबलावर, जिथे आजूबाजूला चार माणसे बसलेली असत, आमच्या सहकाऱ्याने फॉर्ममधला ‘मारहाण?’ हा रकाना वाचून दाखवला तेव्हा त्याने तत्काळ ‘नाही’ म्हटले. नंतर नियमाप्रमाणे त्याला कोरा कागद देऊन हकिगत स्वतःच्या हाताने लिहायला सांगितली, तर तिसऱ्या ओळीत त्याने पत्नी हाताला चावल्याचे लिहिले होते. मी त्याविषयी विचारू लागले, तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘‘मॅडम, ते फाईलमध्ये राहू द्या, फक्त मोठ्याने वाचू नका.’’ माझ्या संशोधनाचे बीज या प्रसंगात होते. पण आराखडा लिहिताना मला त्यातली फक्त करुणा दिसली. तोंडाने ‘नाही’ आणि कागदावर ‘हो’ यांतील तफावत, जी मोजता येण्यासारखी होती, ती मला दिसायला बराच वेळ गेला.

सर्वांत आधी ‘वाढत असून’ हे दोन शब्द गेले. एखादी गोष्ट वाढते असे म्हणायचे, तर ती निदान दोन वेळा, एकाच रीतीने मोजलेली असावी लागते. देशातील कौटुंबिक हिंसेची सर्वांत मोठी पाहणी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. ते मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत सात लाख चोवीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या आणि एक लाख एक हजारांहून अधिक पुरुषांच्या मुलाखती झाल्या. हिंसा सोसल्याविषयीचे प्रश्न मात्र फक्त स्त्रियांना विचारले गेले. त्यांपैकी १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. पुरुषांना पत्नीची वागणूक विचारलेलीच नाही. याच प्रश्नावलीत स्त्रियांना मात्र एक प्रश्न आहे : पती मारत नसताना तुम्ही स्वतःहून कधी त्याच्यावर हात उचलला आहे का? त्याला सुमारे ४ टक्के स्त्रियांनी होकार दिला. हा आकडा हाती आल्यावर मला घबाड मिळाल्यासारखे वाटले. पण मॅडमनी विचारले, ‘‘हे पुरुषाने सोसल्याचे मोजमाप आहे, की बाईने कबूल केल्याचे?’’ दोन्ही एक नव्हेत. पुरुषांच्या तोंडून, देशव्यापी पाहणीत, वारंवार मोजलेली मालिका हाताशी नसताना ‘वाढ’ हा शब्द वापरणे म्हणजे तापमापक नसताना ताप चढला म्हणण्यासारखे होते.

त्यानंतर मी आत्महत्यांच्या आकड्यांकडे वळले. या विषयावर बोलणारा प्रत्येक जण तिकडे वळतोच, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्या झाल्या. त्यांत विवाहित पुरुष ८१,०६३ आणि विवाहित स्त्रिया २८,६८० होत्या. याच आकड्यांच्या आधारे राष्ट्रीय पुरुष आयोग स्थापावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली होती आणि जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने ती ऐकण्यास नकार दिला. माझ्या दुसऱ्या मसुद्यात मी लिहिले होते की विवाहित पुरुषांच्या आत्महत्यांचे मोठे प्रमाण पत्नीच्या छळाचे निदर्शक आहे. हे वाक्य निदान तपासता तरी येत होते आणि तपासताच ते कोसळले. अविवाहितांमध्येही आत्महत्या करणाऱ्यांत पुरुषांचाच आकडा मोठा आहे, म्हणजे स्त्री-पुरुषांमधील ही तफावत विवाहाने निर्माण झालेली नाही. त्याच अहवालात ३३.२ टक्के आत्महत्यांचे कारण ‘विवाहाशी संबंधित नसलेल्या कौटुंबिक समस्या’ आणि ४.८ टक्क्यांचे ‘विवाहविषयक समस्या’ असे दिले आहे. पण भावाभावांतला बांधावरचा तंटाही कौटुंबिक समस्याच असतो आणि रकाना भरतो तो पोलीस तपासाच्या आधारे. विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याची आत्महत्यासुद्धा ‘विवाहित पुरुष’ याच रकान्यात जाते. ज्या आकड्यात पत्नीने काय केले याची नोंदच नाही, त्यातून पत्नीने काय केले हे सिद्ध करायला मी निघाले होते. हा मसुदा मी फाडला नाही. भिंतीवर लावून ठेवला. पुढच्या प्रत्येक मसुद्याला तो उपयोगी पडला.

तिसरा मसुदा तुलनेचा होता : ‘पती जितके पत्नीवर अत्याचार करतात, तितकेच पत्नीही पतीवर करतात.’ या वाक्याला मोठा इतिहास आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली २,१४३ कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा गेल्या वर्षात जोडीदारावर निदान एकदा हिंसक कृती करणाऱ्या पतींचे प्रमाण १२.१ टक्के आणि पत्नींचे ११.६ टक्के आढळले. मोजमापाचे त्यांचे साधन कृतींची यादी हे होते : ढकलले का, थोबाडीत मारले का, वस्तू फेकली का, किती वेळा. त्यावर जे वादळ उठले ते आजतागायत शमलेले नाही. आक्षेप असा होता की कृती मोजल्याने कारण, भीती आणि परिणाम मोजले जात नाहीत. घाबरून ढकललेले आणि घाबरवण्यासाठी ढकललेले यादीत सारखेच दिसते. २००० साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन आर्चर यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कृतींच्या मोजणीत स्त्रिया किंचित पुढे निघाल्या आणि तरीही जोडीदाराकडून जखमी झालेल्यांमध्ये ६२ टक्के स्त्रियाच होत्या. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये या भांडणातून वाट काढली ती अशी की हिंसा एका जातीची नसते : एक, भांडणाच्या भरात कोणाचाही हात उठणारी, दुसरी, जोडीदाराचे सारे आयुष्य मुठीत ठेवण्यासाठी पद्धतशीर वापरलेली. घरोघरच्या पाहणीत पहिली सापडते, आश्रयगृहात दुसरी. आणि दोन्ही बाजूंचे अभ्यासक आपापला नमुना दाखवून एकमेकांना खोटे पाडत राहतात.

हे वाचल्यावर मला माझ्यापुढे आलेल्या एका मोहाचा अर्थ समजला. पुरुषांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेच्या कार्यकर्त्याने मला त्यांच्या हेल्पलाईनवर आलेल्या शेकडो पुरुषांची यादी देऊ केली होती. मुलाखतींसाठी सगळे तयार, सगळे बोलके. मी होकार देण्याच्या बेतात होते. परंतु जे छळ होतो म्हणून मदत मागायला आले, त्यांच्यात छळाचे प्रमाण मोजणे म्हणजे दवाखान्याच्या रांगेत उभे राहून गावात किती लोक आजारी आहेत हे ठरवणे. अशा पुरुषांच्या अनुभवांचा अभ्यास अवश्य करावा, पण प्रमाण सांगण्यासाठी ती यादी निरुपयोगी होती. तुलनाही मी सोडली. माझ्या नमुन्यात स्त्रिया नसणार होत्या. मग स्त्रियांविषयीचे कोणतेही विधान परिकल्पनेत असण्याचे कारण नव्हते. हे सोडताना मला वाईट वाटले हे कबूल करते, कारण ‘तितकेच’ या शब्दात लोकांचे लक्ष वेधण्याची ताकद होती.

खरा वेळ गेला तो शब्दांत. आपल्या भाषेत ‘छळ’ म्हटले की सासुरवाशीण उभी राहते. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते थट्टेचे आहेत. तो ‘बायकोच्या ताटाखालचे मांजर’ असतो, त्याला कोणी ‘छळलेला’ म्हणत नाही. त्यामुळे ‘पत्नी तुमचा छळ करते का?’ असा प्रश्न विचारला तर उत्तरे छळाविषयी न येता शब्दाविषयी येतील. कृतीच विचारायच्या, हे स्ट्रॉस यांच्या साधनातून घेतले; पण त्या कृतींचे मराठी करणे सोपे नव्हते. ‘हाताला येईल ती वस्तू फेकून मारली’ या प्रश्नात मी उदाहरणादाखल लाटणे, पळी आणि चप्पल लिहिले होते. दोन परिचितांना वाचायला दिले, दोघेही ‘लाटणे’ या शब्दावर हसले. व्यंगचित्रांनी त्या वस्तूचा असा काही विनोद करून ठेवला आहे की ती वाचताच माणूस आपला अनुभव विसरून चित्र आठवतो. लाटणे काढून टाकले, तांब्या आणि मोबाईल ठेवले.

‘अबोला’ या एका शब्दावर आम्ही तीन बैठका घालवल्या. हरियाणातील ग्रामीण भागात एक हजार विवाहित पुरुषांचा जो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून थोड्या अधिक पुरुषांनी पत्नीकडून आयुष्यात कधीतरी हिंसा झाल्याचे सांगितले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तेवढेच येते. आत पाहिले तर भावनिक हिंसा ५१.६ टक्के आणि शारीरिक ६ टक्के होती. आणि गेल्या बारा महिन्यांत कोणतीही हिंसा झाल्याचे प्रमाण १०.५ टक्के होते. म्हणजे एका मोठ्या आकड्याचे वजन जवळजवळ सगळे भावनिक या रकान्यावर होते आणि तो रकाना कुठे सुरू होतो यावर सारे अवलंबून होते. आपल्याकडे अबोला हे जुने घरगुती हत्यार आहे; स्त्रियांनी ते बहुधा दुसरे काही हाती नसल्यामुळे वापरले आणि पुरुषांनीही भरपूर वापरले. त्याला हिंसा म्हटले तर महाराष्ट्रातला एकही संसार बाहेर राहणार नाही आणि ज्या मोजमापातून कोणीच बाहेर राहत नाही त्याने काही मोजले असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, महिनोन्‌महिने ठरवून न बोलणे, मुलांमार्फत निरोप देणे, जेवणाचे ताट सरकवून निघून जाणे यांनी माणूस खचतो, हे मी केंद्रात पाहिले होते. अखेर अबोला यादीतून काढला आणि भावनिक हिंसा मुख्य परिकल्पनेबाहेर ठेवली. हा निर्णय सर्वांत योग्य होता असे माझे आजही मत नाही. तो सर्वांत स्वच्छ होता एवढेच.

‘केस टाकीन’ ही धमकी यादीत असावी का, हाही प्रश्न आला. पतीकडून किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या स्त्रीच्या छळाला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे ४९८-अ हे कलम १९८३ पासून होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ या कलमांत आले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली तक्रार करणारी व्यक्ती स्त्रीच असू शकते. यावरून पुरुषांच्या मनात राग आहे आणि माझ्याकडे आलेल्या बहुतेकांनी ही धमकी ऐकल्याचे सांगितले होते. तरीही, जिला मार बसतो तिनेही हेच शब्द उच्चारलेले असतात आणि तिच्या बाबतीत तो हक्काचा उच्चार असतो. वाक्य एकच असताना ते कोणत्या घरात उच्चारले गेले हे पुरुषाच्या एकट्याच्या उत्तरावरून ठरवता येत नाही. ते मी यादीत घेतले नाही.

या टप्प्यावर मी कायद्यातील ‘क्रूरता’ या संकल्पनेचा आधार घेऊन पाहिला, कारण हिंदू विवाह कायद्यात ती घटस्फोटाचे कारण म्हणून पती आणि पत्नी दोघांनाही उपलब्ध आहे. आपल्याकडचा यातला पायाभूत निकाल पुण्याच्या दास्ताने दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिला. त्यात पती अर्जदार होता. पतीला घराबाहेर ठेवून कुलूप लावणे, रात्री दिवा लावून त्याच्या उशाशी बसून टोचून बोलत राहणे अशा गोष्टी न्यायालयाने क्रूरतेत धरल्या. मात्र त्यानंतरच्या सहजीवनामुळे पतीने ती माफ केली असे मानून त्याला दाद दिली नाही. निकाल वाचताना मला फार काही मिळाल्यासारखे वाटले, पण संशोधनासाठी त्यातून एकच गोष्ट हाती लागली : न्यायालय एका संसाराचा सगळा पट पाहून ठरवते, प्रश्नावलीला तेवढी सवड नसते. म्हणून प्रश्नावलीने क्रूरता ठरवायला जाऊच नये.

आता हाती उरली होती ती एक कृतींची छोटी यादी आणि एक स्पष्टीकरण, ज्यावर माझा पूर्ण विश्वास होता : पुरुष लाजेमुळे सांगत नाहीत. चौथ्या मसुद्यात मी हेच लिहिले. मॅडम म्हणाल्या, ‘‘समज, तुझ्या पाहणीत फार थोड्या पुरुषांनी हिंसा झाल्याचे सांगितले, तर तू काय म्हणशील?’’ मी म्हटले, ‘‘लाजेमुळे सांगितले नाही.’’ ‘‘आणि खूप जणांनी सांगितले तर?’’ ‘‘तर समस्या मोठी आहे.’’ त्या काही बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती. आकडा कोणताही येवो, मीच बरोबर ठरणार होते. अशा वाक्यासाठी एवढी मोठी पाहणी करण्याची गरजच काय? त्या रात्री मी चिडले होते, कारण लाज खरी आहे हे मला माहीत होते. मी ती बाह्यांच्या आत पाहिली होती.

आणि त्याच चिडचिडीत ते फाईलमधले पान आठवले. टेबलावर ‘नाही’, कागदावर ‘हो’. लाज जर खरोखरच उत्तर दाबून ठेवत असेल, तर ऐकणारा माणूस समोरून काढून टाकल्यावर तेच उत्तर बाहेर यायला हवे. म्हणजे लाज हे आकड्यांमागे लपायचे कारण न राहता ज्यावरून भाकीत करता येते असे कारण होते : एकाच प्रकारच्या पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, एका गटाला माणसाने समोर बसून विचारू द्या, दुसऱ्याला कोणीही ऐकणार नाही अशा रीतीने उत्तर देऊ द्या आणि दोन्ही गटांतील होकारांचे प्रमाण पाहा. प्रमाण सारखेच आले, तर माझे लाडके स्पष्टीकरण निदान या ठिकाणी तरी हरले.

यात नवे काही नाही, हे वाचनात लवकरच कळले. अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या मुलांच्या एका पाहणीत, जिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, काहींना छापील प्रश्नावली स्वतः भरायला दिली होती आणि काहींना हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर उत्तर द्यायला सांगितले होते. दुसऱ्या मुलाशी लैंगिक संबंध आल्याचे कागदावर १.५ टक्के मुलांनी सांगितले, हेडफोनवर ५.५ टक्के. म्हणजे कागदसुद्धा पुरेसा खासगी वाटत नाही. तो कोणीतरी वाचणार असतो. आमच्याकडे आणखी एक कारण होते : माझी पाहणी औद्योगिक वसाहतीतल्या पुरुष कामगारांची होणार होती आणि ते सगळे सराईतपणे वाचत नाहीत. म्हणून हेडफोन आणि टॅबलेट ठरले. दुसरी एक युक्तीही विचारात होती, जिच्यात प्रत्येकाला विधानांची यादी ऐकवून ‘यांपैकी किती खरी’ एवढेच विचारतात आणि एका गटाच्या यादीत हिंसेचे एक विधान जास्त असते. ती फार देखणी आहे, पण तिच्यातून येणारा अंदाज इतका सैल असतो की माझ्या आवाक्यातल्या नमुन्यात तो निरुपयोगी ठरला असता.

मॅडमचा पुढचा आक्षेप मला सुचलाच नसता. हेडफोनवर होकार वाढले, तर ते लाज गेल्यामुळे की कोणी पाहत नसल्याने तिखटमीठ लावल्यामुळे? यासाठी प्रश्नावलीत आणखी दोन प्रकारचे प्रश्न घातले. एक, ज्यात लाजेचा संबंध नाही असा : घरखर्चावरून पत्नीशी वाद झाला का? येथे दोन्ही पद्धतींत फरक पडता कामा नये. पडला तर हेडफोनमुळे माणूस सगळ्यालाच ‘हो’ म्हणतो असे मानावे लागेल. दुसरा, स्वतःच्या हिंसेचा : तुम्ही पत्नीवर हात उचलला आहे का? हा प्रश्न मी खरे तर नीतीच्या कारणाने आधीच घेतला होता, कारण एकाच बाजूची हिंसा विचारणारी प्रश्नावली मी स्वतः कधीही केंद्रात वापरली नसती. पण त्याचा दुसरा उपयोग निघाला. केवळ गाऱ्हाणे वाढवणारा माणूस पत्नीचे दोष वाढवील, स्वतःचे वाढवणार नाही. दोन्ही वाढले तर मोकळेपणा वाढला असे म्हणायला जागा राहते. मात्र हे मी परिकल्पनेत लिहिले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, दिलेल्या सात कारणांपैकी निदान एका कारणासाठी पतीने पत्नीला मारणे योग्य आहे असे ४४ टक्के पुरुषांनी (आणि ४५ टक्के स्त्रियांनी) म्हटले होते. ज्याला त्यात गैर काही वाटतच नाही, तो ते समोरासमोरही सांगेल. मग हेडफोनने वाढायचे काय?

नमुन्याच्या आकाराने मला जमिनीवर आणले. समोरासमोर ६ टक्के होकार येतील असे हरियाणाच्या आकड्यावरून धरले आणि हेडफोनवर ते दुप्पट, म्हणजे १२ टक्के होतील असे मानले, तर नेहमीच्या ५ टक्के सार्थकता पातळीला (फरक नसताना तो दिसण्याची चूक शंभरात पाचदाच व्हावी) आणि ८० टक्के शक्तीला (फरक असेल तर तो शंभरात ऐंशी वेळा सापडावा) प्रत्येक गटात ३५३ पुरुष लागतात. ‘‘दुप्पटच का?’’ असे मॅडमनी विचारले. ६ वरून ९ धरले, तर तीच संख्या प्रत्येक गटात १,२०५ होते. एवढे पुरुष मला एकटीला मिळणे शक्य नव्हते. म्हणून दुप्पटच धरले आणि आराखड्यात स्पष्ट लिहिले की त्याहून लहान फरक असल्यास तो या अभ्यासाला बहुधा दिसणार नाही. आधी मी ‘गेल्या बारा महिन्यांत’ असे विचारणार होते. पण मग मूळ प्रमाण आणखी खाली गेले असते आणि संख्या आणखी फुगली असती, म्हणून ‘विवाहानंतर कधीही’ असे केले. जुन्या आठवणी पुसट असतात ही किंमत मोजली. दोन्ही गटांत ती सारखीच मोजली जाणार असल्याने तुलनेला धक्का लागत नव्हता.

नीतिविषयक समितीची बैठक मला वाटली होती तशी झाली नाही. मला भीती होती की एक स्त्री पुरुषांवरील हिंसेचा अभ्यास का करते असे विचारतील. विचारले ते वेगळेच. घरी मुलाखत घेतली आणि पत्नी दाराआडून ऐकत असेल, तर रात्री त्या घरात काय होईल? मार कोणालाही बसू शकतो, तिलाही. दीड खोलीच्या घरात एकांत कुठून आणणार? म्हणून मुलाखती घरी न घेता औद्योगिक वसाहतीतील आरोग्य तपासणी शिबिरात, वेगळ्या खोलीत घ्यायचे ठरले. एका घरातून एकच व्यक्ती. संमतीपत्रकावर विषय ‘आरोग्य आणि कौटुंबिक जीवन’ असा, पण सुरुवातीलाच तोंडी स्पष्ट सूचना की काही प्रश्न मारहाणीचे आहेत आणि कोणताही प्रश्न वगळता येईल. शेवटी समुपदेशकाचा क्रमांक द्यायचा, तोही शिबिराच्या कार्डावर इतर क्रमांकांमध्ये छापून, म्हणजे खिशात सापडला तरी काही बिघडणार नाही. एका सदस्याने विचारले की या निष्कर्षांचा उपयोग स्त्रियांच्या बाजूचे कायदे मोडीत काढण्यासाठी कोणी केला तर? मी उत्तर दिले की माझी परिकल्पना कोण किती मारतो याविषयी नाही, विचारण्याच्या रीतीने उत्तर किती बदलते याविषयी आहे. हे उत्तर देताना माझ्या लक्षात आले की मूळ आराखड्यातील एकही दावा आता शिल्लक नाही.

मान्य झालेला मजकूर असा आहे : ‘२५ ते ५० वयोगटातील विवाहित पुरुष कामगारांमध्ये, विवाहानंतर पत्नीकडून यादीतील निदान एक शारीरिक हिंसक कृती झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा हेडफोनवरील स्व-उत्तर पद्धतीत जास्त असेल. घरखर्चावरून वाद झाल्याचे सांगणाऱ्यांच्या प्रमाणात दोन पद्धतींमध्ये असा फरक नसेल. पहिला फरक न आढळल्यास, पुरुष लाजेमुळे ही हिंसा सांगत नाहीत या स्पष्टीकरणाला या अभ्यासाचा आधार मिळणार नाही.’ तिसरे वाक्य समितीने अनावश्यक म्हणून काढायला सांगितले होते. मी ते ठेवण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली.

गेल्या महिन्यात प्रश्नांचे ध्वनिमुद्रण केले. समोरासमोरची मुलाखत पुरुषच घेणार असल्याने आवाजही पुरुषाचाच हवा होता, म्हणून आमच्या विभागातल्या एका सहसंशोधकाला विनंती केली. घरखर्चाचा प्रश्न त्याने एका दमात वाचला. ‘पत्नीने कधी तुमच्या थोबाडीत मारली आहे का?’ या प्रश्नावर तो पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा ‘सॉरी, सॉरी’ म्हणून पुन्हा हसला. मी खोलीबाहेर जाऊन दार लावून घेतले. तिसऱ्या वेळी त्याने तो प्रश्न सरळ, न अडखळता वाचला आणि तेच मुद्रण आम्ही वापरत आहोत.